डोक्याचे माप आणि मेंदूचे सामर्थ्य

शाळेच्या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने मानवी मेंदूवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मेंदूची आकृती फळ्यावर काढून तिच्या भागांना नावे देण्याचे काम विज्ञान शिकविणारे आमचे सहकारी उत्तम रीतीने करतात. त्यात ढवळाढवळ करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मेंदू हा जसा शरीरशास्त्राचा विषय आहे, तसाच तो इतिहासाचाही आहे. कोणाला बुद्धी आहे आणि कोणाला नाही, याचा निवाडा या देशात शतकानुशतके जन्मावरून केला गेला. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील काही विद्वानांनी तोच निवाडा कंपास, फीत आणि तराजू हाती घेऊन केला. पहिल्या निवाड्यामागे शास्त्रवचने होती, दुसऱ्यामागे आकडे होते. निष्कर्ष मात्र बव्हंशी एकच होता. पालकसभेत आजही एखादी माउली सहज म्हणून जाते, "सर, गणित आमच्या पोरांच्या डोक्यात शिरायचं नाही, आमच्यात ते नाहीच." त्या एका वाक्यात हे दोन्ही निवाडे एकत्र नांदत असतात. म्हणून मेंदूची रचना व कार्य यांबरोबर मेंदूच्या मापाची ही कथाही आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडावी, असे आम्हांस वाटते.

हृदय की मेंदू?

माणूस विचार कशाने करतो, या प्रश्नाचे उत्तर मानवाला फार उशिरा सापडले. प्राचीन इजिप्तमध्ये मृतदेहाची ममी करताना हृदय जपून ठेवीत आणि मेंदू नाकावाटे काढून फेकून देत. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याच्या मते बुद्धीचे स्थान हृदय. मेंदूचे काम रक्त थंड करण्याचे. मात्र हिप्पोक्रेटसच्या परंपरेतील वैद्यांनी सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी याच्या उलट भूमिका घेतली होती. त्या काळी फेफऱ्याला 'पवित्र रोग' म्हणत, कारण तो देवाच्या कोपाने होतो अशी समजूत होती. या वैद्यांनी त्या रोगावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि हा रोग इतर रोगांपेक्षा काडीमात्र अधिक पवित्र नाही, तो मेंदूचा विकार आहे, असे स्पष्ट मांडले. आपल्या वस्तीत फिट आलेल्या मुलाच्या नाकाशी आजही चप्पल वा कांदा धरला जातो आणि मग त्याला देवऋषीकडे नेले जाते. त्या लोकांनी हा चोवीसशे वर्षांपूर्वीचा विचार तरी ऐकावा. अशा मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूची टणक वस्तू दूर करावी, तोंडात काहीही घालू नये आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे, एवढेच करायचे असते.

पाली वाङ्मयातही या विषयाचा एक धागा आहे. शरीराचे यथार्थ दर्शन घडावे म्हणून देहाच्या भागांचे चिंतन करण्याची पद्धत तथागतांच्या परंपरेत आहे. मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्तात असे एकतीस भाग मोजलेले आहेत आणि त्यांत मेंदू नाही. खुद्दकपाठात मात्र ही संख्या बत्तीस होते. ज्याची भर पडली तो भाग म्हणजे 'मत्थलुंग', अर्थात मेंदू. पुढे आचार्य बुद्धघोषांनी चित्ताचा आधार म्हणून हृदयाचाच निर्देश केला, हेही नमूद केले पाहिजे. आमच्यातील काही उत्साही मंडळी आधुनिक मेंदूविज्ञान सगळेच्या सगळे त्रिपिटकात आधीच होते, असे भाषणात सांगतात. आम्हांला ते पटत नाही. धम्मपदाचा आरंभच मनाच्या विचाराने होतो, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे. तिला चेतापेशींच्या मुलाम्याची गरज नाही.

कवटीच्या आत

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणतः १३०० ते १४०० ग्रॅम असते. शरीराच्या वजनाच्या तो जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यापैकी सुमारे २० टक्के ऊर्जा हा एकटा अवयव वापरतो. असा हा खादाड अवयव. उपाशी पोटी शाळेत आलेल्या मुलाचे चित्त अभ्यासात का लागत नाही, याचे एक साधे उत्तर या आकड्यात आहे.

मेंदूचे ठळक भाग तीन. सर्वांत वर व सर्वांत मोठा तो प्रमस्तिष्क, म्हणजे मोठा मेंदू. अक्रोडाच्या गरासारख्या घड्या असलेले त्याचे दोन गोलार्ध असतात आणि तंतूंच्या एका जाड पट्ट्याने ते परस्परांशी जोडलेले असतात. घड्या असण्याचे कारण जागेचे आहे: पृष्ठभाग मोठा आणि कवटी लहान, म्हणून चादर चुरगळून पेटीत कोंबावी तसा तो बसविलेला आहे. डोक्याच्या मागच्या बाजूस दृष्टीचे केंद्र, कानशिलांच्या आत श्रवणाचे, माथ्याखाली स्पर्शाचे व हालचालींचे, आणि कपाळामागे नियोजन, संयम, निर्णय यांचे. कपाळामागचा हा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. विशीच्या मध्यापर्यंत त्याची घडण चालूच असते. चौदा-पंधरा वर्षांच्या वसतिगृहवासी मुलाकडून पन्नाशीच्या गृहप्रमुखाच्या संयमाची अपेक्षा का करू नये, हे यावरून कळावे.

त्याच्या खाली, मानेच्या वर, अनुमस्तिष्क म्हणजे लहान मेंदू. तोल सांभाळणे, हालचालींत सुसूत्रता आणणे हे त्याचे काम. आकाराने तो लहान असला तरी मेंदूतील बहुसंख्य चेतापेशी त्याच्यातच दाटीवाटीने भरलेल्या आहेत. दारू प्यायलेल्या माणसाचा पाय वाकडा पडतो, कारण दारू या लहान मेंदूचे काम बिघडविते. आणि तो नको ते बोलतो, कारण कपाळामागचा आवर घालणारा भाग तिने सैल केलेला असतो. पंचशीलातील पाचवे शील समजावून सांगताना आम्ही मुलांना हे दोन भाग फळ्यावर दाखवितो. तिसरा भाग मेंदूच्या देठासारखा असून त्याचे खालचे टोक म्हणजे मस्तिष्कपुच्छ. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणे ही कामे तो आपल्याला न विचारता पाहतो. तेथून पुढे मेरुरज्जू सुरू होतो.

मस्तिष्कपुच्छाच्या पातळीवर हालचालीच्या बहुतेक तंतूंची अदलाबदल होते: डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. म्हणून मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनी तुंबली की उजवा हात-पाय लुळा पडतो आणि पुष्कळदा वाचाही जाते. यालाच आपण अर्धांगवायू म्हणतो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, हात वर उचलता न येणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. 'वारं गेलं' म्हणून तेल चोळीत बसल्याने वा गंडादोरा बांधण्यात हे तास निघून जातात, आणि मग धडधाकट माणूस उरलेले आयुष्य खाटेवर काढतो. स्मरणिका घरोघरी जाते, म्हणून हे येथे मुद्दाम लिहिले.

या साऱ्या भागांचे मूळ घटक म्हणजे चेतापेशी. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार मानवी मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज असतात. प्रत्येक पेशीला संदेश घेणाऱ्या वृक्षिका व संदेश पुढे नेणारा अक्षतंतू असतो. दोन पेशी जेथे एकमेकींच्या जवळ येतात तेथे सूक्ष्म फट असते. तिला संपर्कस्थान म्हणतात. अक्षतंतूतून आलेला विद्युतसंदेश तेथे बहुधा रसायनाच्या रूपाने पलीकडे जातो. या पेशी अखंड जाळ्यासारख्या जोडलेल्या आहेत की सुट्या, याबद्दल इटलीचे गॉल्जी आणि स्पेनचे काहाल यांच्यात कडाक्याचा वाद होता. १९०६ साली दोघांना एकच नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि पारितोषिकाच्या व्याख्यानातही दोघे परस्परविरुद्ध बोलले! काहाल बरोबर ठरले. पेशी सुट्या आहेत. त्यांच्यातील संपर्क घडतात, बळावतात, वापर नसेल तर क्षीण होतात. आमच्या पुढील सर्व विवेचनाचा आधार हाच आहे.

जखमांनी शिकविलेले धडे

जिवंत मेंदूत डोकावण्याची यंत्रे नव्हती, तेव्हा ज्ञान अपघातांतून आले. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासत असताना फिनियस गेज नावाच्या तरुण मुकादमाच्या गालाखालून एक लोखंडी पहार शिरली आणि डोक्याच्या वरून बाहेर पडली. पहार एक मीटरहून लांब आणि सुमारे सहा किलो वजनाची होती. गेज जगला, चालू-बोलू लागला; परंतु त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी लिहून ठेवले की पूर्वीचा शांत, जबाबदार माणूस आता चंचल आणि शिवराळ झाला आहे. कपाळामागचा भाग स्वभावाशी निगडित आहे, हे यातून दिसले. पाठ्यपुस्तके येथेच थांबतात. पण याच गेजने पुढे कित्येक वर्षे चिली देशात प्रवासी घोडागाडी हाकण्याचे काम केले; हे काम शिस्त व सावधानता नसलेल्या माणसाला जमणारे नव्हे. म्हणजे जखमी मेंदूही काळाच्या ओघात बरेच काही सावरतो. हा उत्तरार्ध आम्हांला पूर्वार्धापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुसरा रुग्ण फ्रान्समधील. त्याला जवळजवळ सारे समजत असे, पण तोंडातून 'टॅन' या एकाच अक्षराखेरीज काही निघत नसे. १८६१ साली तो वारल्यावर पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात इजा आढळली. वाचेचे हे केंद्र आजही ब्रोका यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे १८७४ मध्ये जर्मनीचे वेर्निके यांनी बोलण्याचा अर्थ समजण्याचे केंद्र त्याच्या मागे, कानशिलाच्या बाजूस असल्याचे दाखविले.

तराजू घेतलेले पंडित

ब्रोका यांचे हे कार्य निर्विवाद थोर आहे. पण याच ब्रोकांनी १८५९ साली पॅरिसमध्ये मानववंशशास्त्राची संस्था काढली आणि कवट्या व मेंदू मोजण्याचा प्रचंड उद्योग आरंभिला. त्यांची धारणा अशी की पुरुषांचा मेंदू स्त्रियांपेक्षा, नामवंतांचा सामान्यांपेक्षा आणि 'श्रेष्ठ' वंशांचा 'कनिष्ठ' वंशांपेक्षा मोठा असतो, आणि मोठा मेंदू म्हणजे मोठी बुद्धी. रुग्णाच्या खाटेशेजारी पुराव्यावाचून एक पाऊल न टाकणारा हा माणूस, समाजाच्या श्रेणी समोर येताच आधी निष्कर्ष काढतो आणि मग आकडे गोळा करतो. विद्वत्ता आणि पूर्वग्रह एकाच कवटीत सुखाने राहू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या वाचनात नाही.

त्यांच्या आधी फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टन यांनी जगभरातून शेकडो कवट्या जमवून, त्यांत आधी बिया व नंतर शिशाचे छर्रे भरून त्यांची क्षमता मोजली होती. गोरे वर, काळे तळाशी, अशी त्यांनी लावलेली क्रमवारी अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांना फार सोयीची ठरली. १९८१ साली स्टीफन जे गूल्ड यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात मॉर्टन यांच्या मोजणीतच नकळत पक्षपात झाल्याचे दाखविले. तर २०११ मध्ये काही संशोधकांनी त्यांतील निम्म्याच्या आसपास कवट्या पुन्हा मोजून मॉर्टन यांची मापे बहुतांशी बरोबर होती असे सांगितले. आम्हांला हा वाद विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो, कारण त्यातून एक बारीक गोष्ट शिकता येते: माप बरोबर असूनही अनुमान साफ चूक असू शकते. कवटीचे आकारमान शरीराच्या बांध्यावर आणि हवामानावर पुष्कळसे अवलंबून असते. त्यावरून शहाणपण मोजणे म्हणजे पादत्राणाच्या मापावरून धावण्याची गती ठरविण्यासारखे आहे.

आणि मापच लावायचे तर ते सर्वांना लावावे. रशियन कादंबरीकार तुर्गेनिव्ह यांचा मेंदू २००० ग्रॅमच्या वर भरला. १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे फ्रेंच साहित्यिक आनातोल फ्रान्स यांचा अवघा १००० ग्रॅमच्या जरासा वर. आल्बर्ट आइन्स्टाइन १८ एप्रिल १९५५ रोजी निवर्तले. शवचिकित्सा करणारे डॉक्टर हार्वे यांनी त्यांचा मेंदू काढून घेतला आणि पुढे त्याचे सुमारे २४० तुकडे करून बरण्यांत ठेवले. वजन किती निघाले? १२३० ग्रॅम. सरासरी पुरुषापेक्षा कमीच! हत्तीचा मेंदू पाच किलोच्या आसपास असतो आणि त्याने अजून सापेक्षतावाद मांडलेला नाही.

नाकाच्या रुंदीपासून बाबासाहेबांपर्यंत

ही मापे समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. १८३० च्या दशकात फाशी दिलेल्या ठगांच्या कवट्या मध्य भारतातून एडिंबरोला पाठविल्या गेल्या. डोक्याच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या तिथल्या मंडळींना त्यांत गुन्हेगारीचे उंचवटे शोधायचे होते. पुढे ब्रोका यांच्याच परंपरेतील तोपिनार यांच्या पद्धती व उपकरणे घेऊन हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीयांची डोकी आणि विशेषतः नाके मोजली. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो, असा त्यांचा सिद्धांत होता: नाक जितके रुंद, तितकी जात खाली. त्यांच्या मते वरिष्ठ जाती आर्य आणि खालच्या जाती अनार्य. अस्पृश्यता ही माणसांनी केलेली गोष्ट नसून दोन वेगळ्या वंशांतील निसर्गदत्त अंतर आहे, असा युक्तिवाद करणाऱ्यांना याहून अधिक काय हवे होते?

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते तेव्हा त्याच विद्यापीठात फ्रान्झ बोआस हे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची हजारो डोकी मोजून १९११ च्या सुमारास दाखविले की परिस्थिती बदलताच एका पिढीत डोक्याचा आकारही बदलतो. तो वंशाचा अढळ शिक्का नव्हे. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा आपला निबंध ज्या गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला, ते बोआस यांचेच शिष्य. जातीचा उगम वंशात नसून बंदिस्त विवाहपद्धतीत आहे, हे त्या निबंधाचे सार. वयाच्या पंचविसाव्या वर्षी मांडलेला हा विचार त्यांनी पुढे सोडला नाही.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'अस्पृश्य' या ग्रंथात त्यांनी वंशभेदाच्या सिद्धांताला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यांची पद्धत आम्ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवितो. ते मोजणीला खोटे म्हणून झिडकारीत नाहीत. ते डॉ. घुर्ये यांनी अभ्यासलेले नाकांच्या मापांचे आकडे प्रांतवार समोर ठेवतात आणि विचारतात, हे आकडे नेमके काय सांगतात? एकाच प्रांतातील ब्राह्मण व अस्पृश्य यांची मापे वंशभेद सिद्ध करण्याइतकी भिन्न नाहीत. म्हणजे ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्यच. ते द्रविड असतील तर हेही द्रविडच. प्रतिपक्षाची फूटपट्टी हाती घेऊन त्यांनी प्रतिपक्षाचाच दावा मोजला आणि तो आखूड निघाला. अस्पृश्यतेचे कारण मग शरीरात शोधण्याची वाटच बंद होते.

कागदावरची कवटी

विसाव्या शतकात कवटीची जागा प्रश्नपत्रिकेने घेतली. फ्रान्सचे आल्फ्रेड बिने यांनी आरंभी डोकीच मोजली होती. त्यातून काही हाती लागत नाही असे दिसताच त्यांनी तो नाद प्रामाणिकपणे सोडला. १९०५ साली त्यांनी सिमाँ यांच्यासह बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलाला शाळेत जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. मुलाची बुद्धी ठरलेली असते, ती वाढत नाही, या मताला त्यांनी निराशेचा क्रूर प्रकार मानून विरोध केला. त्यांच्या पश्चात अमेरिकेत ही चाचणी नेमकी उलट कामासाठी, जन्मजात बुद्धीचा आकडा म्हणून, वापरली गेली.

मुलाच्या कामगिरीवर कशाकशाचा परिणाम होतो, हे दाखविणारा एक प्रयोग आपल्याच देशातला आहे. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या सहाशेहून अधिक मुलग्यांना कागदावरील भूलभुलय्ये सोडवायला दिले. जितके सुटतील तितके बक्षीस. २००६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. जात कोणालाच सांगितली नाही, तेव्हा सवर्ण व दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण मिश्र गटात प्रत्येकाचे नाव व जात सर्वांसमक्ष पुकारली गेली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या घसरली. मुले तशीच, भूलभुलय्ये तसेच, मेंदू तोच. बदल इतकाच की कोणीतरी मोठ्याने जात वाचून दाखविली.

हे कसे होते? कानशिलाच्या आत बदामाएवढे एक केंद्र असते; धोक्याची चाहूल लागताच ते शरीराला सज्ज करते. अपमानाची भीती हाही मेंदूच्या लेखी धोकाच. भय व ताण वाढला की कपाळामागचा भाग, जो आकडे क्षणभर मनात धरून ठेवतो आणि पुढचे पाऊल योजतो, त्याचे काम मंदावते. फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला येत असलेले उत्तरही आठवत नाही, हा अनुभव कोणाला नाही? या कारणासाठी वर्गात हजेरी घेताना शिष्यवृत्तीच्या प्रवर्गाची नावे मोठ्याने पुकारण्यास आमचा नेहमीच विरोध राहिला आहे. ती यादी कार्यालयातच असावी.

घडणारा मेंदू

लंडनमध्ये टॅक्सीचालकाचा परवाना मिळविण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. अनेकांना यासाठी तीन-चार वर्षे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली या चालकांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. जागा व वाटा स्मरणात ठेवणारा, समुद्रघोड्याच्या आकाराचा जो भाग मेंदूत खोल असतो, त्याची मागची बाजू चालकांमध्ये इतरांपेक्षा मोठी आढळली. मुळात ज्यांचा तो भाग मोठा तेच चालक होत असतील, अशी शंका रास्त होती. म्हणून त्यांनी उमेदवारांना आरंभापासून परीक्षेपर्यंत पाहिले आणि २०११ मध्ये निष्कर्ष दिला: सुरुवातीला फरक नव्हता, जे शिकून उत्तीर्ण झाले त्यांच्यातच वाढ झाली. म्हणजे परिश्रमाने मेंदूत भर पडते, ही आता केवळ उपदेशाची भाषा राहिलेली नाही.

अक्षरओळखीचेही तसेच. वाचनासाठी निसर्गाने मेंदूत वेगळी जागा ठेवलेली नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. डाव्या गोलार्धाच्या मागील-खालच्या बाजूस चेहरे व वस्तू ओळखणाऱ्या भागांलगत वाचनाचे केंद्र शिक्षणाने घडते. स्तानिस्लास दहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील व पोर्तुगालमधील निरक्षर, प्रौढपणी साक्षर झालेले आणि बालपणी शाळेत गेलेले अशा तिन्ही प्रकारच्या लोकांची तुलना केली. प्रौढपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही अक्षरांना प्रतिसाद देणारा तो भाग घडलेला दिसला. पुढे लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवूनही मेंदूचा अभ्यास झाला. मेंदूत कोठे किती बदल होतो, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण शिकणारे वाचू लागले याबद्दल नाहीत. रात्रशाळेत कंदिलाच्या उजेडात पाटी गिरविणाऱ्या आपल्या आजी-आजोबांच्या मेंदूतही असाच भाग घडत होता. त्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते, इतकेच.

येथे पालकांना एक इशारा. मेंदू घडतो हे ऐकून काही दुकानदारांनी 'मध्य मेंदू जागृत' करण्याचे वर्ग काढले आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचते असे ते दाखवितात आणि हजारो रुपये शुल्क घेतात. मूल नाकाशेजारच्या फटीतून पाहत असते. नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी ही लबाडी जाहीरपणे उघडी पाडली आहे. शिवाय त्या मुलाला खोटे वागण्याचे शिक्षण मिळते ते वेगळेच. आपण मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो, हेही असेच एक लोणकढी वाक्य. आपण सारा मेंदू वापरतो. नाहीतर दहा टक्क्यांसाठी इतकी ऊर्जा शरीराने कशाला खर्चिली असती?

मेंदूसाठी खरोखर लागते ते स्वस्त आहे. गरोदर मातेच्या आहारात आयोडीन व लोह नसेल तर बाळाच्या मेंदूची हानी होते. म्हणून घरात आयोडीनयुक्त मीठच आणावे आणि ते झाकून ठेवावे. जन्मवेळी प्रौढाच्या सुमारे एक-चतुर्थांश असलेला मेंदू सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ नव्वद टक्के आकार गाठतो. मूल आमच्याकडे पाचवीत येते, त्याच्या कितीतरी आधी अंगणवाडीतील खाऊने आणि घरातील बोलण्याने आपले काम केलेले असते.

आणि झोप. दिवसा शिकलेले रात्री झोपेत पक्के होते, हे आता अनेक प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. किशोरवयात आठ ते दहा तासांची झोप लागते, आणि या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते. मूल रात्री लवकर झोपत नाही ते सर्वस्वी खोडसाळपणामुळे नव्हे. वसतिगृहात अभ्यासाची वेळ रात्री साडेदहापर्यंत आणि उठण्याची घंटा पहाटे साडेचारला, ही परंपरा आपल्यापैकी पुष्कळ माजी विद्यार्थ्यांनी अभिमानाने पार पाडली आहे. हिशेब सहा तासांचा होतो. दहावीच्या वर्गासाठी रात्रीचा अभ्यास साडेनऊला संपवावा आणि पहाटेची घंटा साडेपाचला करून वंदना पावणेसहाला घ्यावी, असा प्रस्ताव आम्ही पुढील पालकसभेत मांडणार आहोत. माजी विद्यार्थ्यांनीही त्या सभेस यावे आणि आपले मत द्यावे.